४७,३०० रुपये, आणि पिस्टन जुनाच

लिहायला लाज वाटते, कारण मी नवखा नाही. अठरा वर्षं होडी चालवतोय. तरी ४७,३०० रुपये घालवून बसलो.

माझ्या होडीची मोटर २५ हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं), दोन सिलिंडरची. मे संपता संपता समुद्रातच जॅम झाली. १ जूनपासून मासेमारीला बंदीच, म्हटलं दोन महिन्यांत नीट बांधून होईल. मिस्त्रीने मोटर खोलली आणि वरचा पिस्टन माझ्या हातात दिला. चारी बाजूंनी ओरखडे. म्हणाला, "तेल कमी पडला, भाऊ. चूक तुमची हा."

इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. खालचा पिस्टन समोर गोणपाटावर पडलेला, एक चरा नाही! अहो, दोन्ही सिलिंडरना पेट्रोल एकाच टाकीतलं. लिटरला २० मिली तेल, मापाने. ते कमी पडलं असतं तर दोन्ही पिस्टन खरवडले असते. एकच गेला म्हणजे कारण त्या सिलिंडरपाशी शोधायचं: थंड करणारं पाणी पोचत नाही, नाहीतर क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) सील हवा खेचतंय. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या आठवड्यात तेल मुलाने मिसळलं होतं. मनात पाल चुकचुकली, मान खाली गेली आणि मी गप्प बसलो.

बिल असं: ०.५० ओव्हरसाइझचे, म्हणजे अर्धा मिलीमीटर मोठे, दोन पिस्टन किट १६,८००, त्या मापाला दोन्ही सिलिंडर आतून कापायचं बोअरिंग ९,०००, क्रँकची बेअरिंग ७,०००, गॅस्केट ४,५००, मजुरी १०,०००. सगळं वहीच्या फाडलेल्या पानावर. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". जुने पार्ट त्याच दिवशी, समोर उभं राहून घरी आणा. द्यायला कुरकुरला तर मोटरच उचला.

नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्याच फेरीला पुन्हा जॅम. शेजारच्या होडीने ओढून आणलं, त्याचे १,५०० वेगळे. दुसऱ्या मिस्त्रीने खोलली. खालचा पिस्टन जुनाच, डोक्यावर ०.५० चा छाप नाही, बोअरही मूळ मापाचं. वरचा तेवढा नवा, आणि तोही तस्साच ओरखडलेला! पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या रबरी पंख्याची) तीन पाती तुटून तुकडे वरच्या सिलिंडरच्या पाणवाटेत अडकलेले. मोटरच्या मागून पाण्याची धार येत होती, बारीक का होईना, म्हणून मी निर्धास्त. धारेवर जाऊ नका. इम्पेलर ९०० रुपयांचा.

पोलिसांकडे गेलो. "दिवाणी मामला आहे." मासेमारीच्या कचेरीत गेलो. "आम्ही मोटरची नोंद करतो, दुरुस्तीचं आमच्याकडे काही नाही." पुन्हा पोलिसांकडे, तर "पक्कं बिल कुठाय?" पक्कं बिल देणारा असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो, साहेब? तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हवालदार म्हणाला, "जुना पिस्टन तुम्हीच घातला नसेल कशावरून?" चौथ्यांदा साहेब जेवायला गेलेले, चार वाजेपर्यंत बाकड्यावर बसलो. चार दिवसांची मासळी गेली ती कोणाच्या हिशोबात धरायची?

पैसे रोख देऊ नका. मी दिले. फक्त शेवटचे १०,००० मुलाने फोनवरून पाठवले, तेवढाच पुरावा. आणि मोटर बांधून आली की दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) समोर मोजून घ्या.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. धंद्याची मोटर म्हणून तक्रार चालणार नाही असं कोणी सांगेल, ऐकू नका; पोटासाठी स्वतः होडी चालवणारा कायद्याने ग्राहकच. छाप नसलेला पिस्टन फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. बायको विचारते, हे लोखंड साड्यांत कशाला.