चामड्याची सीट आणि विदर्भाचा उन्हाळा: जुनी सेडान आणि नवी एसयूव्ही, काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळा लागण्याआधीपासून पोळ्यापर्यंत दोन्ही गाड्या एकाच गावात, बहुतेक वेळ टिनाच्या शेडखाली उभ्या राहून वापरल्या, त्यानंतरचं हे मत आहे. जुनी म्हणजे नव्वदच्या दशकातली जर्मन सेडान, सीट अस्सल चामड्याच्या. नवी म्हणजे आताची मध्यम किमतीची एसयूव्ही, विक्रेत्याच्या तोंडी ‘लेदर सीट’, शिवाय व्हेंटिलेशन, म्हणजे सीटच्या बारीक भोकांतून वारा खेळवणारी सोय. निकाल आधीच सांगून टाकतो: चामडं जुन्या गाडीचं सरस, बैठक नव्या गाडीची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे गाडी बघताना लोक विसरतात. वरचा थर हाताला कळतो, पण कंबर दुखते की नाही हे खालचा फोम ठरवतो.

नव्या गाडीतलं ‘लेदर’ बहुतेक वेळा लेदरेट असतं, म्हणजे विणलेल्या कापडावर पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या प्लास्टिकचा थर. काही गाड्यांत बसायची मधली पट्टी चामड्याची आणि बाजू, पाठ, हेडरेस्ट रेक्झिनचं असतं. ओळखायचं असेल तर सीटखाली हात घालून कव्हरची दुमडलेली कड बघा. उलट्या बाजूला मखमलीसारखे तंतू दिसले तर चामडं, कापडाची वीण दिसली तर लेदरेट. जुनं ते सगळं अस्सल, असंही नाही. जुन्या मर्सिडीजच्या बऱ्याच गाड्यांत एमबी-टेक्स नावाचं व्हिनाइल होतं आणि ते इतकं टिकाऊ की आजही लोक त्याला चामडं समजतात. आपल्या अ‍ॅम्बेसेडरच्या लांबलचक सीटवरही बहुतेक रेक्झिनच असायचं.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दोन्ही सीट तापतात, काळ्या रंगाच्या जास्त. फरक पुढे जाणवतो. एसी लावल्यावर चामड्याचा चटका लवकर उतरतो आणि पाठ कमी चिकटते. लेदरेटमधून घाम कुठेच जात नाही. शिवाय पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हात हळूहळू बाहेर पडतं. समोरच्या काचेवर आतून जो तेलकट पापुद्रा धरतो, त्यात हे द्रव्यही असतं. ते कमी होत गेलं की शिवणीजवळ रेक्झिन कडक होऊन तडकतं. पीयूचे पापुद्रे निघतात आणि त्यावर उपाय नाही, कव्हरच बदलावं लागतं. चामड्याची तड मात्र दुरुस्त होते: ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं, लवचिक फिलरचे पातळ थर प्रत्येक वेळी वाळवून द्यायचे, मग रंग आणि शेवटी टॉप कोट. घाईत एकच जाड थर दिला तर पुढच्या उन्हाळ्यात तो उचकटतो.

आता बैठक. जुन्या सीटमध्ये खाली लोखंडी स्प्रिंग, त्यावर रबर लावलेल्या केसांची किंवा काथ्याची गादी आणि वर पातळ फोम. सुरुवातीला सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, पण पांदणीच्या रस्त्यावर गाडीची उसळी संपली तरी सीटची संपत नाही. नव्या सीटचा साच्यात घातलेला पीयू फोम टणक लागतो, पण हादरा जिरवतो. समृद्धी महामार्गावर वर्ध्याकडून निघून दोन-तीन तास एका बैठकीत गेले की कंबरेचा आधार आणि मांडीखालचा उठाव यांची किंमत कळते. जुन्या सीटमध्ये मांडी मध्येच लोंबकळते. नव्या गाड्यांतही काही ठिकाणी वजन वाचवायला फोम पातळ केलेला असतो, म्हणून चाचणीला दहा मिनिटांची चक्कर पुरत नाही, अर्धा तास तरी बसून राहा.

जुनी सीट खचली असेल तर कुशनवाल्याला नुसता स्पंज भरू देऊ नका. आधी तुटलेली स्प्रिंग बदलायची, मग स्प्रिंगवर गोणपाटाचा जाड थर, त्यावर ४० डेन्सिटीचा फोम. गोणपाट नसेल तर स्प्रिंग फोम कापत जाते. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून घ्यायला सांगा. शेजारी नवी भोकं पाडली की चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं सरळ रेषेत फाटतं. दोरा पॉलिस्टरचा घ्या, उन्हात तो नायलॉनपेक्षा टिकतो. कव्हर परत चढवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवलं की मऊ पडतं आणि ओढताना कडा फाटत नाहीत.

नव्या सीटची पाठ मात्र गावातल्या कुशनवाल्याकडे उघडू नये. बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती शिवण मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, जाड कव्हर चढवलं तर एअरबॅग उघडताना अडते. व्हेंटिलेशनचं काम उत्तम आहे, पण कापसाच्या हंगामातला फफुटा बारीक भोकांत बसतो. मऊ ब्रश लावून व्हॅक्यूमने ओढून काढा. हवेच्या पाइपने मारली तर धूळ फोममध्ये जाते. या सीटवर दुपट्टा किंवा टॉवेल अंथरला की वारा बंद, आणि पातळ क्रीम ओतलं की भोकं बंद.

चामड्याला खोबरेल तेल लावायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. तेलाने धूळ धरते, चामडं काळवंडतं आणि रंगाचा थर सुटतो. पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. मुरला तर कोटिंग झिजलंय, तिथे कंडिशनर लावा: रुपयाच्या नाण्याएवढा एका भागाला, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या कपड्याने पुसायचा. थेंब तसाच राहिला तर लेदर क्लीनर आणि पिळलेला मायक्रोफायबर पुरे. उन्हाळ्यात हे दोन महिन्यांतून एकदा, सावलीत. पावसाळ्यात ओल्या अंगाने बसून गाडी बंद केली की दोन-चार दिवसांत पांढरी बुरशी येते. ती दारं उघडून बाहेर झटका, मग क्लीनरने पुसा आणि पंख्याखाली वाळवा.

जुनी गाडी घ्यायला गेलात तर ड्रायव्हर सीटची दाराकडची उंच कड आधी बघा. चढउतार करताना सगळी घासणी तिथेच होते. नुसता रंग उडाला असेल तर काम सोपं आहे. आतला फोम चुरून कड आडवी झाली असेल, तर त्या सीटचं पूर्ण कुशन काम धरूनच भाव करा.