काका की पुतण्या? पुसदचे दोन नाईक

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारावर हा वाद दरवर्षी पेटते, वसंतराव भारी का सुधाकरराव. आता बाप्पा, एकाच घरातले दोघं मुख्यमंत्री, पण पुसद सोडलं तर दोघाईत सारखं कायी नाई. गहुलीच्या तांड्यातून निघालेले वसंतराव 1963 ते 1975, अकरा वर्षांच्या वर सलग त्या खुर्चीत होते, संकरित ज्वारी आणली अन् 72 च्या दुष्काळात लोकायले रोजगार हमीचं काम भेटलं. आमचा आबा अजून सांगते, तवा खडी फोडून घर चाललं होतं, बाकी ती संकरित भाकर त्याले कधीच गोड लागली नाई. 1 जुलैले त्यायच्या जयंतीलेच कृषी दिन असते.

सुधाकररावायले 1991 ते 1993, दोन वर्षं बी पुरे नाई भेटले, मुंबईच्या दंगलीनंतर खुर्ची गेली. मंग हिमाचलचे राज्यपाल झाले. पण जलसंधारणाचं वेगळं खातं त्यायनंच काढलं, अन् आमच्यासारख्या कोरडवाहू कापूसवाल्याले तेच जास्त कामाचं. म्हणून मी पुतण्याकडं झुकतो, आबा ऐकत नाई.