कबरींची यादी की पलटणीची डायरी?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात असलेल्या पूर्वजाचा ऑनलाइन माग काढायचा, तर दोन साठे मोलाचे आहेत.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या संस्थेची यादी मोफत आणि सोपी आहे. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नावं त्यात आहेत. नावासोबत हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि कबर किंवा स्मारक कळतं. कधी वडिलांचं नाव आणि गावही. मात्र जिवंत परतलेले इथे नाहीत. नाव सापडलं नाही म्हणून माणूस लढलाच नाही, असं मुळीच समजू नका.

लंडनमधल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागारातल्या वॉर डायऱ्यांचं, म्हणजे युद्धकाळातल्या रोजनिशींचं, काम उलटं. त्या माणसाच्या नाहीत, पलटणीच्या आहेत. अधिकाऱ्यांची नावं येतात, साध्या शिपायाचं क्वचितच. तरीही मला त्याच जास्त मोलाच्या वाटतात, कारण आपला माणूस ज्या दिवशी पडला, त्या दिवशी पलटण कुठल्या खंदकात होती, तोफांचा मारा केव्हा सुरू झाला, हे तिथेच वाचायला मिळतं. ब्रिटिश शिपायांच्या सेवापुस्तिकांपैकी बहुतेक सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, त्यामुळे तर या डायऱ्यांना पर्याय उरत नाही.

अडचण एकच, पण मोठी: डायरी शोधायला नुसतं रेजिमेंटचं नाव पुरत नाही, बटालियनचा, म्हणजे तिच्यातल्या नेमक्या पलटणीचा, क्रमांक हवा. एकाच रेजिमेंटच्या बटालियन वेगवेगळ्या आघाड्यांवर असत. मृताच्या बाबतीत तो क्रमांक बहुधा कमिशनच्या यादीतच मिळतो, म्हणून सुरुवात तिथून करा. परतलेल्यासाठी पदकांची कार्डं, म्हणजे कोणाला कोणती पदकं मिळाली याच्या नोंदी, चाळा, आणि नावाची स्पेलिंगं बदलून बदलून पाहा.