पिल्लू खाजवत नव्हतं, तिथंच फसलो

लॅब्राडोरचं पिल्लू १४,५०० रुपये. त्यातले २,००० यूपीआयनं, १२,५०० रोख, पावती नाही. मग त्याच विक्रेत्यानं घरी पाठवलेल्या ‘आमच्या डॉक्टर’ची तीन इंजेक्शनं, ६०० प्रमाणे १,८००. खऱ्या उपचाराला ३,२६०. एकूण १९,५६०.

पिल्लू मानेवाड्याला चौकात गाडीवर आणून दिलं. पिल्लाची आई दाखवा म्हटलं तर विक्रेता म्हणे, “आई गावाले आहे, काहून टेन्शन घेता जी?” हे ऐकून जे परत फिरतात ते शहाणे.

हातात घेतल्यावर खोबरेल तेलाचा न् पावडरीचा वास आला. डोळ्यांभोवती केस विरळ. म्हणे जावळ जातंय. जावळ! पिल्लाचे बाळकेस चौथ्या-पाचव्या महिन्यात अंगभर हळूहळू बदलतात, चष्मा घातल्यासारखं डोळ्यांभोवती टक्कल पडत नाही. हे ठाऊक असूनही गप्प बसलो. त्याहून मोठी चूक पुढं. अर्ध्या तासात पिल्लानं दोन वाट्या पाणी संपवलं, चारदा मुतलं आणि अंगाला एकदाही पाय लावला नाही. स्टेरॉइड टोचल्यावर नेमकं हेच होतं, तहान, लघवी, भूक वाढते आणि खाज दबते. पण मे महिना, नागपूरचा पारा ४५ च्या आसपास. उन्हानं पाणी पितंय असंच कोणालाही वाटलं असतं.

बाराव्या दिवशी तोंड आणि पुढचे पाय सोलल्यासारखे लाल, मध्ये पुवाचे फोड. तेव्हा ती तीन इंजेक्शनं झाली. पुन्हा स्टेरॉइडच असणार, कारण दर वेळी चार दिवस आराम आणि मग दुप्पट. कुपी दाखवा म्हटलं तर खिशात घातली. कुपी दाखवत नाही त्याला सुई लावू देऊ नका.

निघालं डेमोडेक्स. हा किडा जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या अंगावरून पिल्लाकडे येतो आणि बहुतेक कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी निमूट असतो. एक-दोन चट्टे बहुधा आपोआप भरतात. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दाबली की तो अंगभर माजतो. माणसाला लागत नाही. कानाच्या कडा आणि कोपरं खरुजलेली असून घरच्यांनाही खाज सुटली, तर तो दुसरा किडा.

तपासणी साधी आहे. कातडी चिमटीत दाबायची, ब्लेडला लिक्विड पॅराफिन लावून बारीक रक्त दिसेपर्यंत खरवडायचं, तीन-चार जागांवरून, आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. वरवर खरवडलं तर किडा सापडत नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय असताना चौकातल्या माणसाकडे कशाला जाता? केस उगवले म्हणून औषध सोडू नका, महिन्याच्या अंतरानं दोनदा खरवडण निर्दोष यावी लागते.

आणि ते गुरांना टोचायचं किडेमार औषध, आयव्हरमेक्टिन! बाटलीवरचं माप ५० किलोला १ मिली. तीन किलोच्या पिल्लाला ‘अर्धा मिली मारा’ म्हणजे त्या मापाच्या आठपट. लाळ, झोकांड्या, कधी मरण. कोली जातीच्या कुत्र्यांना तर थोडंही झेपत नाही.

आता तक्रारीचं. ठाण्यात म्हणाले, कुत्र्याच्या खरजेचा काय गुन्हा लिहायचा, दिवाणी मामला आहे. दुसऱ्या कार्यालयानं तिसऱ्याकडे पाठवलं, तिसऱ्यानं पहिल्याकडे. साहेब दौऱ्यावर, बाबू जेवायला. २०१७ च्या श्वानपैदास नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे, पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. नियमाची प्रत पुढं केली तर विचारतात, “हे कोणी दिलं तुम्हाले?” आमच्या पिल्लाच्या दाढासुद्धा पुऱ्या फुटल्या नव्हत्या, म्हणजे आठ आठवडेही झाले नव्हते. लसीच्या पुस्तिकेत स्टिकर होतं, पण त्यावर बॅच नंबर नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. घरी येऊन बघितलं. चौकातच बघायचं होतं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. पण ‘पिल्लू आधीच आजारी होतं’ हे तुम्हालाच दाखवावं लागतं. म्हणून घेतल्याच्या दिवशीच तपासणी, तारखेसकट फोटो, आणि पैसे रोख नकोच. अर्जाच्या दोन प्रती न्या, शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आम्ही तीन ठिकाणी अर्ज दिले. पोच एकाचीही नाही.