गडमॅप: मूत्राशय घडताना बघायचा नकाशा, आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हापासून गडमॅप वापरतेय. आता परसातल्या कलमांवर कैऱ्या धरल्यात, म्हणजे आठेक महिने झाले. एवढ्या वापरावर लिहायला हरकत नाही.

मी मालवणजवळ बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवते. मूत्रपिंड, मूत्राशय आणि जननेंद्रियं गर्भात घडत असताना कुठलं जनुक कुठे आणि कधी व्यक्त होतं, म्हणजे कामाला लागतं, याचा हा फुकट ऑनलाइन नकाशा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीतून उभा राहिलेला. बहुतेक माहिती उंदराच्या गर्भाची आहे. उतीच्या पातळ कापात जिथे त्या जनुकाचा आरएनए, म्हणजे ते कामाला लागल्याची खूण, असेल, तिथेच जांभळा रंग धरतो, आणि तो फोटो तुम्हाला मोठा करून बघता येतो. आमच्याकडे पावसात वारा सुटला की लाईट जाते, मागोमाग नेट. म्हणून लागणारी चित्रं मी सकाळीच उतरवून ठेवायची.

पहिला महिना मी एकेक जनुक शोधत गेले. चित्र बघायचं, पुढचं उघडायचं. हाती काही लागेना. मग चित्रं जोडीने लावायला लागले आणि सगळं बोलायला लागलं. सॉनिक हेजहॉग, म्हणजे एसएचएच, हे शेजारच्या पेशींना निरोप धाडणारं जनुक मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात. तो निरोप ऐकणारं पीटीसीएच१ मात्र अस्तराभोवतीच्या उतीत. एक सांगतो, दुसरा ऐकतो. एकटं चित्र बघून हे कधीच कळलं नसतं. तिसरं चित्र अ‍ॅक्टा२चं, म्हणजे अनैच्छिक स्नायूची खूण. उंदराच्या गर्भाच्या साधारण पंधराव्या दिवसाच्या कापात त्याचं कडं बाहेरच्या बाजूला दिसतं, आणि ते कडं आणि अस्तर यांच्यामध्ये कोरी पट्टी.

पडद्यावर ते बघून देवबागच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, भायर रंग आसा, मधी कित्याक नाय?"

वर्षानुवर्षं शिकवतेय, हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. स्नायू तयार व्हायला अस्तराचा निरोप लागतोच. अस्तर काढून टाकलं तर भोवतालच्या उतीत स्नायू धरतच नाही, हे प्रयोगांतून दिसलंय. पण अगदी चिकटून असलेल्या पेशींना निरोप फार जोरात पोचतो, आणि तिथे स्नायू होत नाही. तिथे मऊ जोडउती राहते. थोडं दूर, जिथे निरोप सौम्य झालेला असतो, तिथे स्नायू उभा राहतो. दुसऱ्या दिवशी मी शहाळं आडवं कापून वर्गात नेलं. आत पाण्याची पोकळी, तिला लागून मलई म्हणजे अस्तर, मग करवंटी, बाहेर जाड सोडण म्हणजे स्नायू. थर मोजायला तेवढं पुरलं.

त्याआधीचा टप्पा समजावणं आमच्या किनाऱ्यावर सोपं जातं. गर्भात सुरुवातीला मूत्रमार्ग आणि गुदमार्ग वेगळे नसतात, एकच अवस्कर असतो. मोरी मासा, म्हणजे छोटा शार्क, साफ केलेल्या पोरांना ते एकच द्वार माहीत आहे. मोरीत ते आयुष्यभर तसंच राहतं. आपल्यात मधे पडदा येऊन पुढचा भाग मूत्राशयाकडे जातो.

युरोप्लाकिनची चित्रंही जरूर बघा. लघवी परत अंगात झिरपू नये म्हणून अस्तराला जे कवच लागतं, ते याच प्रथिनांचं.

एक गोष्ट मात्र नीट शिकून घ्या. नोंदीत 'आढळलं नाही' असं लिहिलेलं असणं आणि नोंदच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद नसली तर तिथे कुणी तपासलेलं नाही एवढंच. माझ्या मुलांनी पहिल्या असाइनमेंटमध्ये यातच गोंधळ घातला, कारण मी तो फरक सांगितलाच नव्हता.

आता मी हे उघडलं का, ते. माझ्या भाच्याचं मूत्राशय जन्मतः पोटाच्या भिंतीबाहेर उघडं होतं. साधारण ३० ते ५० हजार जन्मांत एखाद्या बाळाला असं होतं. ऑपरेशन झालं, पोर आता अंगणभर पळतं. पण भावजयीला येईल तो एकच विचारायचा, "ग्रहणात विळीवर बसलेलीस काय?" ती गप्प व्हायची. दिवाळीत ती रात्री माझ्याजवळ येऊन बसली, तेव्हा मी पी६३चं चित्र उघडलं. अस्तरभर जांभळं. हे जनुक नसलेल्या उंदरांत मूत्राशय असंच उघडं राहतं, हे सांगितलं. आयएसएल१चंही सांगितलं, कारण माणसांतल्या अभ्यासात या दोषाशी त्या जनुकाचा संबंध दिसलाय. तिच्या बाळात नेमकं काय झालं ते हा नकाशा सांगत नाही, हेही लपवलं नाही.

तिने जनुकाबद्दल काही विचारलं नाही. "ताई, ह्ये माणसात कधी होतं?"

"पडदा चौथ्या ते सातव्या आठवड्यात येतो. भिंतीची गडबडही त्याच सुरुवातीच्या दिवसांतली."

तिने बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. ग्रहण लागलं तेव्हा तिला सातवा महिना होता.