परमिटवरचा तो आधार क्रमांक आईचा नव्हताच

मे महिन्यात आम्ही सहाजण ताडोब्याला गेलो होतो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. जंगलातला वाघ एकदा तरी बघायचा, हे ते कित्येक वर्षं बोलत होते. उन्हाळ्यात पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येतात, म्हणून चंद्रपूरचं ऊन सोसायची तयारी ठेवूनच हे दिवस निवडले होते.

फेसबुकवर एका एजंटची जाहिरात दिसली. ‘दोन रात्री मुक्काम, दोन कोअर सफारी कन्फर्म, ५२ हजार.’ सुट्टीच्या दिवसांतलं कोअरचं, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागाचं, बुकिंग बरंच आधी भरतं हे माहीत होतं, त्यामुळे ‘कन्फर्म’ या शब्दावरच मी भाळलो. ‘दोनच जिप्सी उरल्यात, संध्याकाळपर्यंत कळवा,’ असं तो म्हणाला आणि मी त्याच दुपारी सगळे पैसे यूपीआयनं पाठवले. खातं कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावावर होतं. तेव्हा ते खटकलं होतं, तरीही पाठवले.

मी अगदीच डोळे मिटून बसलो होतो असंही नाही. मोहर्लीच्या रिसॉर्टला फोन करून आमच्या नावावर दोन खोल्या आहेत का, हे विचारलं होतं. आहेत म्हणाले आणि मी निश्चिंत झालो. त्या खोल्यांचे किती पैसे पोचलेत, हे मात्र विचारलं नाही. पोचले होते दोन हजार. उरलेलं सगळं भाडं आम्हाला तिथं पुन्हा भरावं लागलं. खऱ्या रिसॉर्टमध्ये थोडेसे पैसे भरून नाव लावायचं आणि त्या खऱ्या नावाच्या आडून सफारीचं खोटं परमिट खपवायचं, अशी ही रीत आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सफारीच्या आदल्या संध्याकाळी रिसॉर्टच्या मॅनेजरनं एजंटनं पाठवलेलं परमिट बघितलं. त्यावर गेट होतं कोलारा. ‘कोलारा? मंग इकडे काहून थांबले जी तुम्ही?’ मोहर्ली जंगलाच्या दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला आहे, तर कोलारा उत्तरेला, चिमूरकडे. बाहेरून वळसा घालून जायला तास-दोन तास लागतात. एजंटला मी हे आधी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘जंगल एकच आहे सर, कुठल्याही गेटनं आत जाता येतं.’ तसं नसतं. ज्या गेटचं परमिट, त्याच गेटनं आत सोडतात. आधी गेट ठरवायचं आणि मग त्याच्या जवळचा मुक्काम शोधायचा. आम्ही नेमकं उलट केलं.

रात्री अडीचला सगळ्यांना उठवून निघालो. पाचला कोलारा गेटवर जिप्सी रांगेत लागल्या होत्या. बाबांच्या गळ्यात दुर्बीण होती. वनरक्षकानं यादीत आमची नावं शोधली, पुन्हा शोधली. मग कागद आणि मूळ ओळखपत्रं समोरासमोर धरली आणि शांतपणे म्हणाला, ‘हे तुमच्या आईचं आधार नाही.’ सहापैकी एकही क्रमांक जुळत नव्हता. आणि जुळणार तरी कसा? एजंटनं आमच्याकडे फक्त नावं मागितली होती. खऱ्या बुकिंगला प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. दुसरी सफारी तर मंगळवारची लिहिलेली होती, आणि मंगळवारी कोअर बंद असतं. दीड महिना तो कागद माझ्या मोबाईलमध्ये होता, पण यातलं काहीच मी वाचलं नव्हतं.

एजंटचा फोन बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण तिथं पैसे गेल्यागेल्या फोन केला तरच ते खात्यात गोठवता येण्याची आशा असते. आमचे जाऊन सहा आठवडे झाले होते. अजून एक रुपयाही परत आलेला नाही. पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. एकेक जिप्सी आत जात होती आणि बाबा बाजूला उभे राहून बघत होते. मला एक शब्दही बोलले नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर सफारी व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतःच काढा. एजंटकडूनच घेणार असाल, तर परमिट हातात आल्यावर त्याच दिवशी गेट, वार आणि प्रत्येकाचा ओळखपत्र क्रमांक ताडून बघा. रिसॉर्टला फोन करून ‘बुकिंग आहे का’ एवढंच नका विचारू, पैसे किती जमा झालेत तेही विचारा.

त्या दिवशी परत मोहर्लीला आल्यावर मॅनेजरनं खटपट करून दुपारची अगरझरी बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलातली, एक फेरी मिळवून दिली. परमिट आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावला, सगळ्यांची आधार कार्डं मागून घेतली आणि एकेक क्रमांक मोठ्यानं वाचत सहाच्या सहा जुळवून पाहिले. मगच जिप्सीत चढले.