टेली-मानस १४४१६ : चांगली सेवा, पण नीट सांगितलं तर

टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फोन दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. मदतीची पहिली पायरी म्हणून आमची पसंती हिलाच.

मात्र 'बरं वाटत नाही' एवढ्यावर थांबू नका. उदासी किती दिवस आहे (दोन आठवड्यांहून जास्त असेल तर आवर्जून सांगा), झोप, भूक, कामातलं लक्ष, चालू गोळ्या हे कागदावर लिहून ठेवा. एक गोष्ट हमखास राहून जाते: पूर्वी कधी सलग चार-पाच दिवस झोप कमी होऊनही अफाट उत्साह, बडबड, उधळपट्टी झाली होती का? तसं असेल तर आजार द्विध्रुवीय (बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असा अतिउत्साह, ज्याला उन्माद म्हणतात) असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने उन्माद उसळू शकतो.

उदासीमागे थायरॉइडचा बिघाडही असू शकतो, पण त्याची तपासणी फोनवर होत नाही, त्यासाठी दवाखाना गाठावाच लागतो. जीव द्यायचे विचार येत असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. काही करून बसल्यास थेट १०८.